आधीं मेळ, मग मोल

घरांतील मिक्सरचें भांडें फुटलें, तर नवें आणतांना गृहिणी जुनें भांडें पिशवींत घालून दुकानीं नेते. कुकरची रिंग घ्यावयाची झाली, तर झांकण बरोबर नेते. 'पांच लिटरचा कुकर आहे' एवढें सांगून भागत नाहीं, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. पण संगणकाची रॅम घेण्याची वेळ आली, म्हणजे तींच व्यवहारांत मुरलेलीं माणसें दुकानदारास 'आठ जीबी द्या' एवढेंच सांगून मोकळीं होतात. या तीन शब्दांपायीं आमच्या घरीं काय घडलें, तें प्रथम सांगतों. वाचकांनीं त्यावरून शहाणें व्हावें. आम्ही झालों, परंतु किंमत देऊन.

आमचे काका गेलीं सहा वर्षें घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति सिद्ध करीत आहेत. जुन्या आवृत्तींत मुलग्यांच्या शाखा सविस्तर दिलेल्या आहेत. मुलींच्या बाबतींत मात्र 'कन्या दोन', 'कन्या तीन' अशा आंकड्यांवरच वंशावळ थांबते. त्या मुलींचीं नांवें, त्यांचीं सासरें, त्यांचें शिक्षण, हें सारें शोधून भरण्याचें काम काकांनीं वयाच्या बहात्तराव्या वर्षीं अंगावर घेतलें. त्यासाठीं जमविलेलीं पत्रें, छायाचित्रें आणि मोडी कागदांच्या प्रतिमा माजघरांतील संगणकांत आहेत. हा संगणक २०१३ सालीं घेतलेला, आणि त्याची रॅम दोन जीबी. एकीकडे वंशावळीचा तक्ता, दुसरीकडे एखाद्या जुन्या पत्राची प्रतिमा आणि तिसरीकडे आलेली टपाल उघडली, कीं यंत्र इतकें मंद होई, कीं काका एक अक्षर दाबून चहा घेऊन येत आणि तरीहि तें अक्षर पडद्यावर उमटलेलें नसे.

आमचा पुतण्या महाविद्यालयांत शिकतो. आजोबांची ही अडचण त्याला बघवेना. साठविलेल्या पैशांतून त्यानें मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन आठ जीबीची पट्टी आणली. दुकानदारानें "कोणती?" असें विचारलें, तेव्हां यानें "नवी, चांगली" असें सांगितलें, आणि दुकानदारानें खरोखरच नवी आणि चांगली दिली. रात्रीं जेवणें झाल्यावर पेटी उघडली. पट्टी बसेना. आम्ही स्वतः शेजारीं बत्ती धरून उभे होतों. "आणखी थोडें दाब," असें आम्हींच त्याला सांगितलें. कट्‌कन आवाज झाला. तो पट्टी बसल्याचा नव्हता. स्लॉट भंगल्याचा होता.

आणलेली पट्टी डीडीआर ४ जातीची होती, आणि आमच्या यंत्रास डीडीआर ३ लागत होती. दुकानदारानें ती परत घेतली नाहीं, आणि त्याला आम्ही दोष देत नाहीं. यंत्र जुन्या पट्टीवर, उरलेल्या एका स्लॉटावर, कसेंबसें चालूं झालें. पुतण्या "आजोबा, माझी चूक झाली," एवढेंच म्हणूं शकला. काका रागावले असते, तर बरें झालें असतें. ते म्हणाले, "राहूं दे रे बाळ. माझा टांक आणि कागद आहेत अजून." आणि त्यांनीं पडद्यावर एक कापड घातलें. पंधरा दिवस तें कापड कोणी काढलें नाहीं. 'आणखी थोडें दाब' हे आमचे शब्द त्या पंधरा दिवसांत आम्हांला अनेक वेळां आठवले. कारण मुलाजवळ हौस होती, माहिती मिळविणें हें वडीलधाऱ्यांचें काम होतें.

म्हणून मग आम्हीं ती मिळविली. ती येथें क्रमानें देतों.

रॅम म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेतल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. काकांचे कागद कपाटांत असतात. लिहावयास बसले म्हणजे लागतील तेवढे ते मेजावर मांडतात. हार्ड डिस्क हें कपाट, आणि रॅम हें मेज. मेज लहान असलें, कीं एक कागद कपाटांत ठेवल्यावांचून दुसरा मांडतां येत नाहीं, आणि सारा वेळ उठबशींत जातो. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचें पेटंट १९६८ सालीं मिळालें. माहितीच्या प्रत्येक बिटास एक ट्रान्झिस्टर आणि विद्युद्भार सांठविणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढाच तिचा संसार. हा भार सतत गळत असतो; म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत तो पुनः भरावा लागतो. वीज बंद झाली, कीं सारें पुसलें जातें. यावरून एक गोष्ट लक्षांत येईल, कीं पट्टी काढल्यानें कपाटांतील कागद हरवत नाहींत. वडील मंडळींस वाटणारी ती भीति अस्थानीं आहे. मात्र सदोष रॅममुळें लिहिलें जात असलेलें बिघडूं शकतें. यास्तव पेटी उघडण्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

आतां पहिला प्रश्न. दोष रॅमचाच आहे काय? विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. नेहमींचीं सर्व कामें चालूं ठेवून त्यांत मेमरीचा आणि डिस्कचा आंकडा पाहावा. मेमरी सतत शेंकडा नव्वदच्या पुढें असेल, तर मेज खरोखरच अपुरें आहे. मेमरी साठांवर आणि डिस्क मात्र शंभरावर असेल, तर दोष बहुधा कपाटाचा आहे. तेथें रॅम वाढवून फारसा लाभ नाहीं. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास फरक अधिक दिसेल. आमच्या यंत्राची मेमरी शेंकडा पंचाण्णववर होती, म्हणून रॅम घेण्याचा पुतण्याचा निर्णय योग्यच होता. चुकलें तें निवडींत.

दुसरा प्रश्न जातीचा. रॅमचीं मानकें जेडेक ही संस्था ठरविते. डीडीआरचें पहिलें मानक २००० सालीं आलें; डीडीआर २ चें २००३ सालीं, डीडीआर ३ चें २००७ सालीं, डीडीआर ४ चें २०१२ सालीं आणि डीडीआर ५ चें २०२० सालीं. प्रत्येक पिढीस विजेचा दाब निराळा लागतो. तो अनुक्रमें २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट असा उतरत गेला आहे. मेजावरील संगणकाच्या डीडीआर ३ पट्टीस २४० पिना असतात, आणि डीडीआर ४ व ५ या दोहोंस २८८. पिनांची संख्या जुळली म्हणून पट्टी जुळते असें मात्र नाहीं. कारण प्रत्येक पिढींत पट्टीच्या कडेची खांच निराळ्या जागीं कापलेली असते. ही खांच मुद्दाम ठेवलेली आहे. भलती पट्टी भलत्या ठिकाणीं बसूं नये, म्हणून बनविणारानें घातलेली ती मनाई होय. आम्हीं बत्ती धरून ती मनाई डोळ्यांनीं पाहिली, आणि वाचली मात्र नाहीं. योग्य पट्टीसहि बसतांना थोडा दाब लागतो, हें खरें. परंतु खांच आणि स्लॉटांतील आडवा दांडा एकमेकांसमोर आल्यावांचून बोटानें जोर करूं नये.

जात ओळखावी कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुनी पट्टी काढून तिच्यावरची चिठ्ठी वाचणें. तीवर 'पीसी ३-१२८००' अशासारखें लिहिलेलें असतें. यांतील ३ हा पिढीचा अंक. १२८०० हा वेग मेगाबाइटांत आहे. त्यास आठानें भागलें, कीं १६०० येतात, आणि दुकानीं तीच पट्टी 'डीडीआर ३, १६००' या नांवानें मिळते. त्याच रीतीनें 'पीसी ४-२५६००' म्हणजे 'डीडीआर ४, ३२००'. पेटी उघडण्याचें धैर्य नसेल, तर टास्क मॅनेजरमध्यें कामगिरीच्या पानावर मेमरीखालीं वेग, वापरांतील स्लॉट आणि पट्टीचा आकार दिलेला असतो. जातीसाठीं सीपीयू-झेड या नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅम पुरतो. आणि कुकरचें झांकण नेतों, तशी जुनी पट्टी दुकानीं बरोबर नेली, तर चुकीला जागाच राहत नाहीं. ती कागदाच्या पुडींत न गुंडाळतां, नव्या पट्ट्या ज्या चंदेरी पिशवींत येतात, तशा स्थिरविद्युत् रोखणाऱ्या पिशवींतून न्यावी.

तिसरा प्रश्न आकाराचा. मेजावरील संगणकाची पट्टी सुमारें १३ सेंटिमीटर लांब असते, लॅपटॉपची तिच्या निम्मी, सुमारें ७ सेंटिमीटर. एक दुसऱ्यांत बसत नाहीं. लॅपटॉपच्या बाबतींत आणखीहि एक गोष्ट पाहावी. हल्लींच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावर डांकूनच टाकलेली असते. तेथें पट्टी नाहीं, स्लॉट नाहीं, आणि वाढविण्याचा मार्गहि नाहीं. असें यंत्र नवें घेणाऱ्यानें पुढील पांच-सहा वर्षांची गरज पहिल्याच दिवशीं ध्यानांत घ्यावी. पहिल्या पगारांत लेकीला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या थोरल्या भावांनीं हें विशेषेंकरून लक्षांत ठेवावें.

चौथा प्रश्न मर्यादेचा. प्रत्येक मदरबोर्डास रॅमची कमाल मर्यादा असते. ती त्याच्या पुस्तिकेंत किंवा बनविणाऱ्याच्या संकेतस्थळावर बोर्डाच्या नांवाखालीं दिलेली असते. आमच्या बोर्डाचा चिपसंच एच ६१ हा. त्याला स्लॉट दोन, प्रत्येकीं आठ जीबी, म्हणजे एकूण सोळा. त्यांतील एक स्लॉट आमच्या हातून गेल्यामुळें मर्यादा आठांवर आली. चार-चारांच्या दोन पट्ट्या हा पर्याय आमच्यापुरता संपला, आणि आठांची एकच घेणें भाग पडलें. स्लॉट शाबूत असतील, तर सारख्या दोन पट्ट्या घेणें चांगलें. प्रोसेसर दोहोंशीं एकाच वेळीं देवाणघेवाण करूं शकतो. ज्या यंत्रांत चित्रांचें कामहि प्रोसेसरच करतो, तेथें हा लाभ विशेष जाणवतो.

मर्यादा केवळ बोर्डाची नसते, प्रणालीचीहि असते. ३२ बिटांच्या प्रणालीस साधारणतः चार जीबींपलीकडचे पत्ते मोजतां येत नाहींत, आणि त्या चारांतूनहि कांहीं भाग यंत्राच्या इतर अवयवांच्या पत्त्यांत खर्ची पडतो. काकांच्या संगणकावर ३२ बिटांचीच प्रणाली होती. याचा अर्थ असा, कीं पुतण्यानें योग्य पट्टी आणली असती, तरी आठांतील निम्म्याहून अधिक जीबी न वापरतां पडून राहिले असते. हें समजल्यावर आम्हांला आमच्या अज्ञानाची पुरती ओळख पटली.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. त्या नांवानें बारीक, पण फसविणाऱ्या आहेत. डीडीआर ३ मध्यें 'एल' अक्षराची एक पोटजात असते, ती १.३५ व्होल्टांवर चालते. ही पट्टी सामान्यतः १.५ व्होल्टांच्या जागींहि चालते, परंतु उलट मात्र होत नाहीं. २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपांस ही 'एल' पट्टीच लागते. वेगाविषयीं एवढेंच, कीं दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसविल्या, तर दोन्ही सावकाश पट्टीच्या चालीनें चालतात. म्हणून जुन्या सावकाश पट्टीशेजारीं महाग वेगवान पट्टी बसविणें म्हणजे द्रव्यनाश. आणि शेवटची सूचना जुन्या बाजारांतील स्वस्ताईविषयीं. मोठ्या कार्यालयांतील सर्व्हरांतून निघालेल्या पट्ट्या पुष्कळदां अर्ध्या किंमतींत मिळतात. त्यांच्या चिठ्ठीवर आंकड्यानंतर 'आर' हें अक्षर असतें. घरगुती संगणकास लागणाऱ्या पट्टीवर 'यू' असतें. डीडीआर ३ आणि ४ मध्यें या दोहोंची खांच एकाच जागीं असल्यामुळें 'आर' पट्टी स्लॉटांत बिनतक्रार बसते. संगणक मात्र सुरू होत नाहीं. खांच बहुतेक चुका टाळते, सर्व नव्हे. जेथें ती गप्प बसते, तेथें चिठ्ठीच वाचावी लागते.

बसविण्याची रीत सोपी आहे. संगणक बंद करून वायर भिंतींतून काढावी, आणि मग सुरू करण्याची कळ एकदां दाबून आंत राहिलेली वीज जाऊं द्यावी. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल, तर ती काढावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिरविद्युत् उतरवावी. थंडींत लोंकरी कपडे घालून हें काम करूं नये. पट्टी कडांनीं धरावी, सोनेरी पिनांस बोट लावूं नये. मेजावरील संगणकांत ती सरळ उभी दाबावयाची, दोन्हीकडच्या खिट्या आपोआप लागेपर्यंत. लॅपटॉपांत तिरपी सरकवून मग खालीं लववावयाची. नव्या पट्टीनें संगणक नुसताच शीळ घालून थांबला, तर ती एकदां काढून पुनः नीट बसवावी. पुष्कळ वेळां दोष तेवढाच असतो. मग मेमटेस्ट ८६ हा विनामूल्य प्रोग्रॅम एक रात्रभर चालवावा. त्यांत एक जरी चूक निघाली, तरी पट्टी परत करावी. हप्त्यांनीं बिघडणाऱ्या कागदांपेक्षां दुकानाची एक फेरी बरी.

आतां, एवढा खटाटोप जुन्या यंत्रासाठीं करावा काय? हा प्रश्न रास्त आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम पुरते. परंतु ठराविक प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटकहि तिला लागतो, आणि रॅम कितीहि वाढविली तरी ती उणीव भरून निघत नाहीं. त्यांतच २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव झपाट्यानें चढले. जगांतील बहुतेक सारी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. त्यांची पुष्कळशी शक्ति कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांस लागणाऱ्या स्मृतीकडे वळली, आणि घरगुती गिऱ्हाइकास त्याची झळ लागली. अशा दिवसांत चुकीची पट्टी घेणें पूर्वींपेक्षां महाग पडतें, आणि चालतें यंत्र मोडींत काढून नवें घेणें त्याहूनहि महाग. लिहिणें, वाचणें, टपाल पाहणें एवढ्यासाठीं घरांत आठ जीबी पुरतात. मुलें चित्रफितींचें संपादन किंवा मोठे प्रोग्रॅम करीत असतील, तर सोळा घ्यावेत. आम्हीं जुन्या यंत्रावर ६४ बिटांची लिनक्स प्रणाली बसविली. ती विनामूल्य आहे, आणि तींत देवनागरी उत्तम लिहितां येते.

डीडीआर ३ ची आठ जीबीची, 'यू' अक्षराची पट्टी पुतण्यानें जुनी पट्टी बरोबर नेऊन आणली. भंगलेला स्लॉट तसाच आहे. त्याला आतां उपाय नाहीं. या खेपेस त्यानें प्रथम खांच दाखविली, मग दांडा दाखविला, आणि "काका, बत्ती नीट धरा," असें आम्हांलाच बजावलें. पट्टी अंगठ्याच्या बेताच्या दाबानें बसली. रात्रभर परीक्षा चालली. सकाळीं चुकांच्या रकान्यांत शून्य होतें.

काकांनीं कापड स्वतःच्या हातानें काढलें, घडी करून खणांत ठेवलें, आणि वंशावळीचा तक्ता उघडला. त्या दिवशीं दुपारपर्यंत एका शाखेंतील 'कन्या दोन' हे शब्द जाऊन तेथें दोन नांवें आलीं.

वाचकांस एवढीच विनंति, कीं आज सवड होईल तेव्हां आपल्या संगणकाची रॅम कोणत्या जातीची, किती आकाराची, स्लॉट किती, मर्यादा किती आणि प्रणाली किती बिटांची, हीं पांच उत्तरें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आंतील बाजूस चिकटवावी. स्वयंपाकघरांतील वहींत गॅसचा नंबर आणि कुकरचें माप लिहिलेलें असतें. त्याच पानावर या चिठ्ठीची नक्कल करून ठेवली, तर फारच उत्तम. दुकानांत किती जीबी हवे तें मागून सांगावें. कोणत्या यंत्रासाठीं हवे, तें आधीं सांगावें.